मुलांच्या शिक्षणावर किती खर्च करायचा? ज्युनिअर केजीच्या आधी बाराव्या वर्षाचा हिशेब

शाळेत प्रवेश घेताना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: ही फी आपल्याला झेपेल का? दोघांचे पगार मिळून महिन्याला ९० हजार हातात येतात, घराचा हप्ता जातो, किराणा आणि वीजबिल जातं, तरी शाळेसाठी बारा हजार काढता येतात. मग ‘बसतंय की’ म्हणून प्रवेश घेतला जातो.

मला हा प्रश्न अपुरा वाटतो. ज्युनिअर केजीचा अर्ज भरताना आपण एका वर्षाची फी ठरवतोय असं वाटतं, प्रत्यक्षात पुढच्या बारा वर्षांचा खर्च ठरत असतो. मधूनच मुलाला एका शाळेतून काढून दुसरीकडे घालायला कुणाचं मन धजत नाही. आणि ही बारा वर्षं संपतात तेव्हा कॉलेजचा, म्हणजे खऱ्या मोठ्या रकमांचा काळ सुरू होतो. म्हणून हिशेब शेवटाकडून सुरू करावा.

उदाहरण घेऊ. पुण्यात किंवा नाशकात राहणारं एक जोडपं, मुलगी चार वर्षांची. समोर दोन शाळा आहेत. एकीचा सगळा मिळून वर्षाचा खर्च ४५ हजार, दुसरीचा १ लाख ४० हजार. ‘सगळा मिळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माहितीपत्रकावर ट्यूशन फी छापलेली असते. टर्म फी, अॅक्टिव्हिटी फी, बस, दोन गणवेश आणि एक खेळाचा, पुस्तकांचा संच, सहल, गॅदरिंगचा पोशाख हे सगळं नंतर एकेक करून येतं. त्याच शाळेत मूल असलेल्या एखाद्या पालकांना विचारावं, ‘गेल्या वर्षी एकूण किती गेले?’ तोच आकडा खरा धरावा.

आता दोन्ही शाळांचा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरू. एखादी गोष्ट किती वर्षांत दुप्पट होते हे काढायची सोपी रीत आहे: ७२ ला वाढीच्या दराने भागायचं. ७२ भागिले ८ म्हणजे ९. म्हणजे नऊ वर्षांत फी दुप्पट. ज्युनिअर केजी ते दहावी अशा बारा वर्षांची बेरीज केली, तर पहिल्या शाळेचे साधारण साडेआठ लाख होतात आणि दुसरीचे साडेसव्वीस लाख. दहावीच्या एकट्या वर्षात दुसऱ्या शाळेचा खर्च सव्वातीन लाखांच्या वर गेलेला असतो.

दोन शाळांमधला फरक अठरा लाखांचा. हाच फरक दरवर्षी बाजूला ठेवला आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळालं, तर बारा वर्षांनी साधारण २७ लाख जमतात. हा आकडा वाचून एकदम मोठा वाटतो, म्हणून लगेच पुढचं गणितही करायला हवं. तोवर कॉलेजच्या फीही त्याच ८ टक्क्यांनी वाढलेल्या असतील. त्यामुळे त्या २७ लाखांची किंमत आजच्या भावात १० लाख ७० हजारांच्या आसपास भरते. म्हणजे आज खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची चार वर्षांची फी आणि वर थोडाफार होस्टेलचा खर्च निघेल, एवढी.

तेव्हा या जोडप्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: दुसऱ्या शाळेत पहिलीपेक्षा जास्त जे मिळतं, ते आजच्या भावातल्या १० लाख ७० हजारांच्या कॉलेजशिक्षणाएवढं मोलाचं आहे का? कधी उत्तर ‘हो’ असेल. पण प्रश्न असा मांडल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल, पगारही वाढतोच की. बरोबर. पगारही ८ टक्क्यांनी वाढत राहिला तर महागड्या शाळेचा पगारातला वाटा १३ टक्क्यांवरच राहतो. पण खासगी नोकरीत पंचेचाळिशीनंतर पगारवाढीचा वेग बऱ्याचदा मंदावतो, दुसरं मूल आलं की १३ चे २६ टक्के होतात, आणि आई-वडिलांची आजारपणं साधारण याच काळात येतात. फी मात्र यातल्या कशासाठीच थांबत नाही.

फीच्या बदल्यात काय मिळतं

स्वस्त शाळा निवडा असं मला म्हणायचं नाही. महाग म्हणजे चांगली हे गृहीत धरू नका, एवढंच म्हणणं आहे. आपल्याकडे अनुदानित शाळांची फी कमी असते ती दर्जा कमी असतो म्हणून नव्हे. शिक्षकांचा पगार शासन देतं म्हणून. तिथले शिक्षक डी.एड., बी.एड. झालेले आणि वर्षानुवर्षं टिकून असतात. याउलट गल्लोगल्ली निघालेल्या कितीतरी विनाअनुदानित इंग्रजी शाळांत शिक्षकांचा पगार इतका तुटपुंजा असतो की ते वर्ष-दोन वर्षांत निघून जातात. वातानुकूलित वर्ग आणि स्मार्ट बोर्ड दिसतात, दरवर्षी नव्या बाई येतात हे मात्र प्रवेशाच्या दिवशी दिसत नाही.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. इथले शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात? एका वर्गात किती मुलं आहेत? आणि तिसरी-चौथीतल्या मुलाची वही बघायला मिळेल का? वहीत बाईंनी चूक नुसती लाल केली आहे, की ती का चुकली हे शेजारी लिहिलं आहे, हे पाहिलं की त्या शाळेत शिकवतात कसं याचा अंदाज येतो. घरापासूनचं अंतरही मोजा. बसमध्ये जाणारे रोजचे दोन तास म्हणजे झोप, खेळ आणि वाचन यांतून कापून घेतलेला वेळ आहे.

माध्यमाच्या बाबतीत सेमी-इंग्रजीचा पर्याय महाराष्ट्रात चांगला रुजला आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. घरात मराठी बोललं जातं आणि पुढे विज्ञान शाखेकडे जाण्याचा विचार आहे अशा मुलांसाठी तो मला फार समंजस वाटतो, आणि अनुदानित शाळेत तो थोडक्या फीमध्ये मिळतो. ‘लोक काय म्हणतील’ या एका कारणासाठी तो नाकारणारी घरं मी पाहिली आहेत. ती मला फार महागात पडलेली निवड वाटते.

उत्पन्न कमी असेल तर शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागा विसरू नका. हा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात या जागा राखीव असतात. पण तो हक्क आठवीपर्यंत, म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंतचा आहे. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी भरावी लागू शकते, तिची तयारी पहिलीपासूनच ठेवायला हवी. आणि प्रवेशासाठी देणगी मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती देऊ नका.

आधी स्वतःचं म्हातारपण

हे लिहिताना मला ठाऊक आहे की अनेक आई-वडिलांना ते स्वार्थी वाटेल. तरी क्रम हाच योग्य आहे: आधी आरोग्य विमा आणि मुदतीचा विमा, मग सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी, मग निवृत्तीची बचत, आणि त्यानंतर मुलांच्या शिक्षणाचा आकडा.

कारण पाहा. खासगी नोकरी करणाऱ्याला भविष्य निर्वाह निधीतून पेन्शन मिळतं, पण ते मोजताना पगाराची कमाल मर्यादा १५ हजारच धरली जाते. वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० हे त्याचं सूत्र. ३५ वर्षं नोकरी केली तरी महिन्याला ७,५०० च्या आसपास पेन्शन बसतं. पीएफची रक्कम मुलाच्या प्रवेशासाठी काढून टाकली, तर साठीनंतर हे साडेसात हजार आणि मुलाचा आधार एवढंच उरतं. म्हणजे जो खर्च आज मुलासाठी केला, तो मुलालाच त्याच्या तिशी-पस्तिशीत परत करावा लागतो, त्याच्या स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या दिवसांत. शिक्षणासाठी बँक कर्ज देते. पगार थांबल्यावर घर चालवण्यासाठी तसं कर्ज कुठलीही बँक देत नाही.

शाळेच्या काळात सगळ्या मुलांचा मिळून शिक्षणखर्च हातात येणाऱ्या पगाराच्या १० ते १२ टक्क्यांच्या आत राहावा, असं माझं मत आहे. हा नियम कुठल्या कायद्यात नाही. पण याच्या वर गेलेल्या घरांत निवृत्तीची बचत सगळ्यात आधी बंद पडते.

कॉलेजसाठी जमवायला मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी चांगली योजना आहे. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख, १५ वर्षं भरायचे. व्याजदर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला. पण एक गोष्ट पोस्टाच्या काउंटरवर कुणी नीट सांगत नाही. खातं पूर्ण होतं ते मुलीच्या २१ व्या वर्षी नव्हे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी. चौथ्या वर्षी उघडलेलं खातं मुलगी २५ वर्षांची झाल्यावर पूर्ण होईल. त्याआधी शिक्षणासाठी, १८ वर्षं झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर, निम्मी रक्कम काढता येते. कॉलेजचा सगळा पैसा त्यात अडकवला तर ऐन प्रवेशाच्या वेळी अर्धाच हाती येईल. त्यामुळे जोडीला पीपीएफ किंवा म्युच्युअल फंडातली एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, ठेवावी, आणि फंडातले पैसे बारावीच्या दोन-तीन वर्षं आधीपासून हळूहळू मुदत ठेवीत वळवावेत. प्रवेशाच्या वर्षी बाजार पडला तर थांबायला वेळ नसतो.

कॉलेज: एकाच पदवीचे दहा भाव

इथे आकडे प्रचंड वेगवेगळे आहेत. अनुदानित कॉलेजात बी.कॉम. किंवा बी.एस्सी. काही हजारांत होतं. एमबीबीएसला सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी दोन लाखांच्या आत असते, खासगीत ती दहा लाखांच्या घरात जाते, अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्याही पुढे. पदवी तीच. त्यामुळे ‘डॉक्टर करायला किती लागतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या दाराने आत जायचं, यावर ते ठरतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या खासगी कॉलेजांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतल्या फेरीचा, पसंतीक्रम भरण्याआधी त्या यादीतली फी प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे लिहून काढा. कट-ऑफ सगळे बघतात, फीचा रकाना बघायचा राहून जातो.

सवलतीही मोठ्या आहेत. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते, उत्पन्नाची मर्यादा तीच. पण अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, घेतला की ही सवलत गेली. मनासारखी शाखा मिळावी म्हणून जून-जुलैच्या धावपळीत मॅनेजमेंट कोट्याची जागा पक्की करणारे पालक नुसती जास्त फी भरत नाहीत, मिळणारी माफीही सोडून देतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर जात वैधता यांचे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच करून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.

कर्जाचं गणित

शैक्षणिक कर्ज वाईट नाही. पण ते फुगतं कसं हे बहुतेकांना सही केल्यावर कळतं.

इंजिनिअरिंगसाठी १० लाखांचं कर्ज घेतलं, १० टक्के व्याजाने. दरवर्षी अडीच लाख उचलले. चार वर्षं शिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून घरात सगळे निश्चिंत असतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. पाच वर्षांत ते साध्या व्याजानेच साडेतीन लाख होतं. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर साडेतेरा लाख असतात, आणि दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता जवळजवळ १७,८०० बसतो. पहिल्या नोकरीत ३० हजार हातात येणाऱ्या मुलाचा निम्म्याहून जास्त पगार त्यातच जातो.

तेच व्याज आई-वडिलांनी शिकण्याच्या काळात भरत ठेवलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला २,१०० पेक्षा कमी, दुसऱ्या वर्षी ४,२०० च्या आत, तिसऱ्या वर्षी सव्वासहा हजार, नंतर ८,३०० च्या आसपास. मग हप्ता १३,२०० वर येतो. मुलाला मदत करायची असेल तर हा सगळ्यात चांगला मार्ग आहे: मुद्दल त्याचं, व्याज तुमचं.

कर्ज किती घ्यावं याची कसोटी माझ्या मते अशी: हप्ता पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसला पाहिजे. आणि तो पहिला पगार जाहिरातीतल्या ‘हायेस्ट पॅकेज’वरून धरू नका. त्या कॉलेजमधून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या, मधल्या फळीतल्या मुलांना विचारा. त्यांचा आकडा ३० हजार असेल तर १० लाखांचं कर्जही जड आहे.

नियमांत उपयोगाच्या गोष्टी आहेत. पात्र अर्जदारांना साडेसात लाखांपर्यंत तारण न देता कर्ज मिळू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे. शैक्षणिक कर्जाच्या भरलेल्या व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. आणि पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे मुलाने हप्ता चुकवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, दोघांचा घसरतो.

शेतजमीन किंवा आईचे दागिने विकून खासगी मेडिकलची जागा घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारेन: दुसऱ्या मुलासाठी काय उरतं? आणि ते दुसरं मूल मुलगी असेल तर हा प्रश्न दोनदा विचारेन. मुलगा इंग्रजी शाळेत आणि बहीण जिल्हा परिषदेच्या, त्याच्यासाठी राजस्थानातल्या कोटा शहरातले कोचिंग क्लास आणि तिच्यासाठी लग्नाचं सोनं, अशी वाटणी आजही सुशिक्षित घरांत होते. तिच्या नावाने जमवलेलं सोनं तिच्या फीसाठी वापरता येतं. दोघांना एकच कॉलेज मिळेल असं नाही, पण दोघांसाठी राखलेली रक्कम सारखी असायला काहीच हरकत नाही.

क्लासचे पैसे

नीट आणि जेईईच्या दोन वर्षांच्या इंटिग्रेटेड बॅचसाठी एकरकमी चेक मागतात. देऊ नका. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने घेऊ नये, आणि मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. फी परतीचं कलम लेखी मागा. जे देत नाहीत, त्यांच्याकडे टर्म-टर्मने भरा. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून सही घेतली जाते ती अनेकदा वित्तसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर असते. मुलाने क्लास सोडला तरी तो हप्ता चालूच राहतो. सही करण्याआधी कागदावर कुणाचं नाव आहे ते वाचा.

पहिल्या टर्मनंतर मुलाचे चाचण्यांचे गुण आणि झोप, दोन्ही बघा. मूल रात्री दोनपर्यंत जागतंय आणि गुण जागच्या जागी आहेत, तर आणखी एक महागडी बॅच हा त्यावरचा उपाय नाही.

मुलाला आकडा सांगा

दहावीच्या सुट्टीत मुलाला घेऊन बसा आणि खरा आकडा सांगा. ‘आम्ही तुझ्यासाठी इतके जमवलेत. त्यातून चार वर्षांचं हे होतं. यापेक्षा जास्त लागलं तर तू कर्ज घेशील, व्याज आम्ही भरू.’ मुलं घाबरतील या भीतीने पालक हे टाळतात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घरची परिस्थिती बऱ्यापैकी ठाऊक असते. त्याला ठाऊक नसतो तो आकडा, आणि तो नसल्यामुळे तो एक तर काहीच मागत नाही किंवा वाटेल ते मागतो. आकडा समोर असला की कॉलेजांच्या यादीतला फीचा रकाना तो स्वतः भरतो. त्याच यादीवर, बारावीचा निकाल लागण्याआधी, तीन नावांवर खूण करून ठेवा: सगळं मनासारखं झालं तर कुठलं, थोडे गुण कमी पडले तर कुठलं, आणि आपल्या खिशाबाहेर न जाता नक्की मिळेल असं कुठलं.